गोंगाटाची मोजदाद
(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

या क्षणीं माझा आवाज आपल्या घरांत येत आहे, तो आपण त्याला बोलाविलें म्हणून. माझें बोलणें आपणांस कंटाळवाणें वाटलें, तर बटण फिरविण्याचा काय तो अवकाश. मी मुकाट्यानें निघून जाईन. परंतु न बोलावतां घरांत शिरणारे आणि कितीहि विनविलें तरी न जाणारे असे दुसरे पुष्कळ आवाज आहेत. रस्त्यावरील मोटारींचे कर्णे, समोरच्या पाडकामाचे घाव, मध्यरात्रीं सुरू होणारें काँक्रीट कालविण्याचें यंत्र, मंडपांतील ध्वनिक्षेपक, डोक्यावरून जाणारें विमान. या पाहुण्यांना घालविण्याचें बटण आपल्यापैकीं कोणाच्याच हातांत नाहीं. आज मला बोलावयाचें आहे, तें त्यांना घालविण्याविषयीं नव्हे. त्यांची मोजदाद कशी करावी, एवढ्यापुरतेंच. घालविण्याच्या आधीं मोजावें कां लागतें, असें आपण विचाराल. त्याचें उत्तर मला एका साध्या अनुभवानें मिळालें.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घराशेजारीं एका इमारतीचें बांधकाम चाललें होतें. घरांत माझे वडील आजारी. रात्रीं अकरानंतर खडी ओतण्याचें काम सुरू होई आणि दोनच्या सुमारास थांबे. मीं रीतसर तक्रार केली. तिसऱ्या दिवशीं सकाळीं दहा वाजतां एक सभ्य गृहस्थ हातांत ध्वनिमापक घेऊन आले. त्या वेळीं बांधकामावर दोन मजूर चहा पीत बसले होते आणि कठड्यावर एक कावळा ओरडत होता. गृहस्थांनीं आंकडा टिपून घेतला, मर्यादेचा भंग आढळला नाहीं असें लिहिलें, आणि माझी सही घेऊन ते गेले. त्यांच्या लिहिण्यांत खोटें कांहींच नव्हतें. यंत्र बिनचूक होतें, आंकडा खरा होता, माणूस प्रामाणिक होता. चुकली होती ती वेळ; आणि वडिलांची गेलेली झोप मात्र त्या कागदावर कोठेंच उमटली नव्हती.

गोंगाटाचा स्वभावच असा कीं, तो मागें पुरावा ठेवीत नाहीं. धुरानें भिंत काळवंडते, सांडपाण्यानें नदी नासते. दुसऱ्या दिवशीं जाऊन पाहिलें तरी ती खूण दिसते. आवाज झाला कीं गेला. ज्यानें ऐकला त्याचा शब्द आणि ज्यानें केला त्याचा नकार, एवढेंच शिल्लक उरतें. म्हणून तो होत असतांनाच तेथें कोणी तरी लक्षपूर्वक ऐकत असलें पाहिजे. आठहि प्रहर प्रत्येक नाक्यावर निरीक्षक बसविणें अशक्य. पण यंत्र बसविणें शक्य आहे. अशीं अनेक लहान यंत्रें शहरभर बसवावयाचीं आणि त्यांच्या नोंदी एके ठिकाणीं गोळा करावयाच्या, यालाच इंग्रजींत सेन्सर नेटवर्क म्हणतात. आपण त्याला संवेदकांचें जाळें म्हणूं.

ही कल्पना वाटते तितकी परकी किंवा अचानक उद्भवलेली नाहीं. १९२९ सालीं न्यूयॉर्क शहरानें गोंगाट कमी करण्यासाठीं एक आयोग नेमला. त्यानें वर्तमानपत्रांतून प्रश्नावली छापली आणि अकरा हजारांवर नागरिकांनीं ती भरून धाडली. शिवाय एका मोटारट्रकवर मापनाचीं यंत्रें चढवून तो ट्रक शहरभर फिरविण्यांत आला आणि १९३० मध्यें त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. डेसिबल हें माप तेव्हां अगदीं नवें होतें. टेलिफोनच्या धंद्यांतील प्रयोगशाळेंत जन्मलेलें आणि टेलिफोनचे जनक ग्रॅहॅम बेल यांच्या नांवावरून ओळखलें जाणारें. त्या ट्रकनें मोठेंच काम केलें. पण त्याची अडचण आमच्याकडे आलेल्या त्या गृहस्थांचीच होती. तो ज्या गल्लींत उभा राही, त्या गल्लीचा तेवढ्या वेळेचा आवाज मोजी. बाकीच्या गल्ल्या आणि बाकीच्या घटका अज्ञातच राहत.

त्याच शहरांत २०१६ सालीं न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनीं, ओहायओ राज्य विद्यापीठाच्या साह्यानें, ‘सॉनिक’ नांवाचा प्रयोग हातीं घेतला. आपल्या खिशांतील फोनमध्यें असतो तसला तांदळाच्या दाण्याएवढा मायक्रोफोन, तळहाताएवढा संगणक आणि वर एक पेटी. सुट्या भागांचा खर्च शंभर डॉलरांच्या आंत. अशीं यंत्रें २०१९ पर्यंत शहरांत पन्नासांवर ठिकाणीं बसलीं. एका ट्रकच्या जागीं आतां पन्नास कान आले, आणि ते झोपत नव्हते.

पण कान पुष्कळ झाले म्हणजे ऐकणें शहाणपणाचें होतेंच असें नाहीं. जाळें विणण्यापूर्वीं कांहीं प्रश्नांचा नीट विचार करावा लागतो. त्यांतला पहिला प्रश्न मोजावयाचें काय हा. डेसिबलचें गणित आपल्या नेहमींच्या बेरजेसारखें चालत नाहीं. ७० डेसिबलचें एक यंत्र चालूं असतां तसलेंच दुसरें सुरू केलें, तर आवाज १४० होत नाहीं, ७३ होतो. दहा यंत्रें लावलीं तर ८० होतो. आणि ऊर्जा दहापट वाढली, तरी माणसाच्या कानाला तो आवाज सुमारें दुप्पटच मोठा वाटतो. म्हणून ‘दोनचार डेसिबल इकडे तिकडे’ असें कोणी सहज म्हणालें, तर सावध असावें. ३ डेसिबल वाढले याचा अर्थ ध्वनीची ऊर्जा दुप्पट झाली. खर्जांतले सूर आपल्या कानाला कमी जाणवतात, त्याचाहि हिशेब यंत्राला शिकवावा लागतो.

सरासरी काढतांना तर विशेष जपावें लागतें. समजा, एका तासांत एकोणसाठ मिनिटें ५० डेसिबलची शांतता होती आणि एक मिनिट ९० डेसिबलचा दणदणाट झाला. शाळेंतल्या रीतीनें सरासरी काढली तर ती ५१ पेक्षांहि कमी भरते आणि तो दणदणाट कागदावरून नाहींसा होतो. ऊर्जेच्या हिशेबानें काढली तर ती सुमारें ७२ येते. म्हणून जगभर दुसरी रीत मान्य झाली आहे. पण तिलाहि भुलूं नये. रात्रींचे आठ तास ४५ डेसिबलचे आहेत आणि मधून सहा वेळां, प्रत्येकीं पांच सेकंद, ८० डेसिबलचा कर्णा वाजला असें धरा. ऊर्जेची सरासरी ५१ च्या आसपास येईल. सहा वेळां दचकून उठलेल्या माणसाला ५१ हा आंकडा काय सांगणार? त्यासाठीं जाळ्यानें सरासरीवर न थांबतां दर सेकंदाची पातळी जपून ठेवावी लागते, म्हणजे पुढें कोणत्याहि घटकेचा जाब विचारतां येतो. युरोपांत दिवसरात्रीची सरासरी काढतांना संध्याकाळच्या आवाजांत ५ आणि रात्रीच्या आवाजांत १० डेसिबल मुद्दाम मिळवितात. एकच आवाज दुपारीं त्रास असतो आणि रात्रीं अपराध असतो, हें त्या गणितानेंहि मान्य केलें आहे.

दुसरा प्रश्न यंत्राच्या सचोटीचा. प्रयोगशाळेंत बरोबर असलेलें यंत्र खांबावर चढलें कीं ऊन, धूळ आणि पाऊस त्याची परीक्षा घेतात. वाऱ्याची झुळूक मायक्रोफोनला गर्जनेसारखी भासते, म्हणून त्यावर स्पंजाची टोपी घालतात. पक्षी त्या टोपीवर बसून गाऊं लागले तर शहराचा गोंगाट म्हणून चिमणीचीच नोंद व्हावयाची. म्हणून न्यूयॉर्कच्या पेट्यांवर पक्ष्यांना बसतां येऊं नये असे कांटे लावलेले असत. आमच्या कोंकणपट्टींत तर चार महिने पावसाचाच ताशा वाजतो. तेव्हां कोणत्या नोंदी पावसाच्या आहेत, ही खूण शेजारीं नसेल, तर जुलै महिन्यांत सारें शहर कायदा मोडीत आहे असा निष्कर्ष निघेल. यांवर उपाय एकच. ठराविक काळानें ज्ञात आवाजाशीं यंत्र ताडून पहावयाचें. त्यासाठीं १००० हर्ट्झचा, ९४ डेसिबलचा सूर देणारी एक लहानशी डबी मायक्रोफोनवर बसवितात. यंत्रानें ९४ च सांगितले पाहिजेत. हें काम नीरस आहे, त्याचें उद्घाटन होत नाहीं, म्हणून तेंच प्रथम टळतें. आणि मग घरांतलीं पन्नास घड्याळें पन्नास वेळा दाखवूं लागावीं, तशी जाळ्याची दशा होते.

तिसरा प्रश्न जागेचा, आणि हा केवळ यंत्रशास्त्राचा नाहीं. मायक्रोफोन भिंतीपुढें एकदोन मीटरांवर ठेवला, तर भिंतीवरून परतलेला आवाज मिळून आंकडा सुमारें ३ डेसिबलांनीं फुगतो. म्हणजे रस्त्यावर दुप्पट वाहनें असल्याचा भास होतो. उलट, एखाद्या उंच गच्चीच्या मागल्या कोपऱ्यांत ठेवला, तर सर्वांत गजबजलेला चौकहि तपोवन ठरतो. जागा निवडणाऱ्याच्या हातांत आंकडा असतो, असें म्हटलें तरी चालेल. म्हणून यंत्राची उंची, भिंतीपासूनचें अंतर, कोणता रस्ता किती दूर, हें सर्व आंकड्याबरोबर जाहीर झालें पाहिजे.

पण याहूनहि महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. यंत्र कोणाच्या खिडकीपाशीं बसवावयाचें? तक्रारींचा नकाशा पाहून बसवावें, असें प्रथम सुचतें. परंतु तक्रार करावयाला फुरसत लागते, अर्ज लिहितां यावा लागतो, आणि आपलें कोणी ऐकेल असा विश्वास लागतो. उड्डाणपुलाखालीं, रेल्वेच्या रुळांलगत, कारखान्याच्या भिंतीला टेकून जीं कुटुंबें राहतात, त्यांच्याकडून क्वचितच अर्ज येतो. त्यांचा नकाशा कोरा असतो. तो तेथें शांतता आहे म्हणून नव्हे. केवळ तक्रारींच्या मागें जाणारें जाळें, ज्यांना बोलतां येतें त्यांचेंच पुन्हां ऐकेल. जेथून तक्रार येत नाहीं तेथेंहि ऐकणें, हें जाळ्याचें खरें प्रयोजन आहे. आमच्या त्या रात्रीं मला निदान अर्ज करतां आला. त्याच बांधकामावर पत्र्याच्या खोलींत मजुरांचीं लेंकरें झोपत होतीं. त्यांची झोप कोणीं मोजली?

मग प्रत्येक घरापाशीं यंत्र बसवावें काय? तसेंहि नाहीं. इटलींतील मिलान शहरानें २०१४ नंतर एक मार्मिक युक्ति करून दाखविली. तेथील एका विभागांत रस्त्यांचे सुमारें दोन हजार तुकडे होते. अभ्यासकांनीं वाहतुकीची चढउतार पाहून त्यांचे सहा गट पाडले; कांहीं रस्ते सकाळीं एकदम जागे होतात, कांहीं दिवसभर सारखेच वाहतात. मग प्रत्येक गटांत मोजकीं, मिळून अवघीं २४ यंत्रें बसवून, साऱ्या विभागाचा नकाशा ते वरचेवर नवा करूं लागले. भाताचें एक शीत चांचपून भात शिजला कीं नाहीं हें आपण ओळखतों, तसाच हा प्रकार. मात्र शीत त्याच भांड्यांतलें असलें पाहिजे. रहदारीला ही युक्ति लागू पडते; मधूनच उपटणाऱ्या बांधकामाला किंवा वरातीला ती पडत नाहीं.

चौथा प्रश्न आवाज कोणाचा हा. येथें मुंबईचें एक उदाहरण सांगण्याजोगें आहे. २०२० च्या जानेवारींत मुंबईच्या वाहतूक पोलिसांनीं आपल्या एका प्रयोगाची चित्रफीत प्रसिद्ध केली. कांहीं चौकांतल्या सिग्नलांना ध्वनिमापक जोडले होते. लाल दिवा असतां कर्ण्यांचा आवाज ८५ डेसिबलांवर गेला कीं उरलेले सेकंद पुन्हां पहिल्यापासून मोजले जात. अधिक वाजवा, अधिक थांबा! शिक्षा मोठी गमतीची होती आणि पुष्कळांना ती पटलीहि. परंतु त्या मापकाला आवाज किती हें कळत होतें, कोणाचा हें कळत नव्हतें. उतावळ्या मोटारवाल्याबरोबर मुकाट्यानें उभा असलेला सायकलवालाहि थांबे.

हा उणेपणा भरून काढण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली दिशेची. पॅरिसच्या परिसरांतील गोंगाटावर लक्ष ठेवण्यासाठीं २००४ सालीं ‘ब्रुइपारिफ’ नांवाची संस्था स्थापन झाली. तिनें ‘मेद्यूज’ नांवाचें, चार मायक्रोफोनांचें एक यंत्र तयार केलें. आवाज हवेंतून सेकंदाच्या हजाराव्या भागांत सुमारें ३४ सेंटिमीटर जातो. म्हणून चार मायक्रोफोनांवर तो किंचित् मागेंपुढें पोंचतो, आणि त्या सूक्ष्म फरकावरून तो कोठून आला तें काढतां येतें. दुसरी वाट ओळखीची. न्यूयॉर्कच्या संशोधकांनीं हजारों ध्वनिमुद्रित तुकडे स्वयंसेवकांना ऐकविले. हें इंजिन, ही करवत, हा भोंगा, हें संगीत, हा कुत्रा, अशा आठ ढोबळ वर्गांत ते लावून घेतले, आणि त्यांवरून संगणकाला ओळख शिकविली. लहान मुलाला आपण गाय आणि म्हैस जशी दाखवीत जातों, तशीच ही शिकवणी.

आतां आपल्या मनांत एक शंका आली असेल, आणि ती येणें योग्यच आहे. खांबावरचा कान करवत ऐकतो, तसें आमचें बोलणेंहि ऐकेल कीं नाहीं? ऐकूं शकेल. म्हणूनच पांचवा प्रश्न, यंत्रानें विसरावें काय, हा मला सर्वांत नाजूक वाटतो. सुदैवानें येथें काटकसर आणि सभ्यता एकाच बाजूस आहेत. सेकंदाला ४८ हजार नमुने घेऊन सगळा आवाज धाडावयाचा, तर एक यंत्र दिवसाला सुमारें ८ गिगाबाइटांचा भार पाठवील. तेंच त्यानें जागच्या जागीं हिशेब करून दर सेकंदाची पातळी तेवढी पाठविली, तर दिवसाला ८६,४०० आंकडे होतात. आणि त्या आंकड्यांवरून कोणी काय म्हणालें हें ब्रह्मदेवालाहि काढतां येणार नाहीं. न्यूयॉर्कला आवाजाची ओळख पटविण्यासाठीं कांहीं ध्वनिमुद्रण हवेंच होतें. तें त्यांनीं दहादहा सेकंदांच्या तुकड्यांत, अनियमित अंतरानें, सलग संभाषण हातीं लागूं नये अशा बेतानें घेतलें आणि कुलूपबंद लिपींत ठेवलें. जें साठविलेंच नाहीं, तें चोरीला जात नाहीं आणि त्याचा दुरुपयोगहि होत नाहीं. शहराला कान द्यावेत. पण ते चहाडखोराचे नसावेत.

हा सगळा खटाटोप कशासाठीं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या अहवालांत असा अंदाज दिला आहे कीं, पश्चिम युरोपांत केवळ वाहतुकीच्या गोंगाटामुळें निरोगी आयुष्याचीं किमान दहा लाख वर्षें दरसाल वायां जातात. त्यांत मोठा वाटा मोडलेल्या झोपेचा आहे. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबलची मर्यादा घातली; रात्र म्हणजे दहा ते सहा. रुग्णालयें, शाळा व न्यायालयें यांच्या भोंवतीं किमान १०० मीटरांच्या शांतता क्षेत्रांत ती दिवसा ५० आणि रात्रीं ४० आहे. या मर्यादांची पारख करण्यासाठीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०११ पासून मुंबईसह सात महानगरांत सतत मोजणाऱ्या ठाण्यांचें जाळें उभारण्यास आरंभ केला आणि त्यांत एकंदर ७० ठाणीं योजलीं. आरंभ म्हणून तो स्तुत्यच. पण सात महानगरें आणि ७० कान! कोट्यवधि माणसांच्या झोपेचा हिशेब त्यांतून कसा मिळावा? येथेंच लहान, स्वस्त आणि पुष्कळ यंत्रांची जोड हवी. थोडीं उंची ठाणीं प्रमाण म्हणून आणि त्यांच्याशीं ताडून पाहिलेलीं साधीं यंत्रें गल्लोगल्लीं, असा संसार थाटला, तर कमी खर्चांत अधिक ऐकूं येईल.

श्रोतेहो, एक गोष्ट मात्र विसरूं नये. मोजल्यानें गोंगाट एक डेसिबलहि कमी होत नाहीं. तापमापकानें ताप उतरत नाहीं, तसेंच हें. जाळें विणलें, आंकडे सांचले आणि ते कोणाच्या तरी कपाटांत राहिले, तर आपण केवळ आपल्या त्रासाची सुबक रोजनिशी लिहिली असें होईल. ते आंकडे सर्वांना पाहतां आले पाहिजेत, आणि अमुक रात्रीं अमुक वाजतां मर्यादा मोडली हें दिसल्यावर दुसऱ्या दिवशीं कोणीं काय केलें, हेंहि त्यांच्या शेजारीं लिहिलेलें असलें पाहिजे.

माझे वडील आतां नाहींत. त्या रात्रीं खांबावर एखादी लहानशी पेटी असती, तर त्यांचा आजार तिनें बरा केला नसता. पण तिसऱ्या दिवशीं सकाळीं ते सभ्य गृहस्थ आले असते, तेव्हां मला माझा शब्द पुढें करावा लागला नसता. अकरा ते दोन, एवढे सेकंद, एवढे डेसिबल, असा कागद मीं त्यांच्या हातीं दिला असता. आणि त्यांच्यासारख्या प्रामाणिक माणसाला मग खरें तेंच लिहिणें भाग पडलें असतें.

आतां माझी वेळ संपली. आपण आपलें बटण फिरवा, आणि तें फिरविल्यावर क्षणभर थांबून ऐका. मी गेल्यानंतर घरांत काय काय उरतें, त्याची मोजदाद आपणांस तेथूनच सुरू करतां येईल.